असईचा जर्मन सेनानी : कर्नल पोलमन याच्याविषयींच्या वृत्तांतांची चिकित्सा

जर्मन सेनानी म्हटला कीं आजच्या वाचकास गेल्या शतकांतील दोन महायुद्धें आठवतात. फॉन रुंडश्टेट १९१४ सालीं कैसरच्या सैन्यांत अधिकारी होता. कैसर गेल्यावर त्यानें प्रजासत्ताकाची नोकरी केली, १९३४ च्या ऑगस्टांत सैन्यानें हिटलरच्या नांवानें शपथ घेतली तेव्हां तो नोकरींतच होता, आणि १९४० सालीं तो फील्डमार्शल झाला. तीन धनी आणि तलवार एक. अशा चरित्रांवर युरोपांत ग्रंथांच्या राशी पडल्या असून त्यांतील वादाचें मूळ एकच आहे : शिपायाचें इमान कोणाशीं ? हाच प्रश्न एका जर्मन सेनानीच्या संबंधानें आमच्या अगदीं शेजारीं उपस्थित झालेला आहे. आम्ही राहतों त्या पिशोराहून पूर्वेस, सिल्लोड ओलांडून भोकरदनाकडे गेलें म्हणजे असई हें गांव लागतें. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे यांच्या कवायती पायदळाचें आधिपत्य ज्याच्याकडे होतें, तो अँथनी पोलमन हानोव्हरचा राहणारा होता.

या पुरुषाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्याचे दोन प्रवाह आहेत. इंग्रजी ग्रंथांत तो मराठी फौजेचा मेंदू ठरतो. वेलस्लीस तोडीस तोड असा कोणी युरोपियन प्रतिस्पर्धी असल्याखेरीज विजयास शोभा नाहीं, असेंच जणू त्या ग्रंथकारांस वाटतें. उलट आमच्याकडील बोलण्यांत आणि शालेय पुस्तकांच्या छायेंत वाढलेल्या समजुतींत तो फितूर ठरतो. गोरे कंपूवाले आयत्या वेळीं उलटले आणि दौलत बुडाली, असा हा सोपा निकाल आहे. आम्हीं आयुष्याची पस्तीस वर्षें शाळेंत काढलीं. संस्कृताचा तास संपवून इतिहासाचा तासही पुष्कळदां आम्हांसच घ्यावा लागे. असईचें कारण विचारलें कीं वर्गांतून एका सुरांत उत्तर येई, “फितुरी.” त्या उत्तरास आम्ही पूर्ण गुण देत असूं, याची आतां लाज वाटते. कारण साधनें नीट वाचूं लागल्यावर या उत्तरास असईपुरता आधार सांपडत नाहीं.

प्रथम वृत्तांत सांगणारे कोण, तें पाहिलें पाहिजे. मुख्य साक्षी आर्थर वेलस्ली याची स्वतःची. लढाईच्या दुसऱ्या दिवशीं, २४ सप्टेंबरला, त्यानें गव्हर्नर जनरल म्हणजे आपलाच वडील बंधु यास वृत्तांत लिहिला, आणि पुढील कांहीं आठवड्यांत अनेकांस पत्रें लिहिलीं. त्याच्याबरोबर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रणांगणावर होता. त्याचीं पत्रें कोलब्रुकनें छापलेल्या चरित्रांत आहेत. ब्लॅकिस्टन नांवाचा इंजिनियर अधिकारीही हजर होता, पण त्याचें पुस्तक १८२९ सालीं, म्हणजे सव्वीस वर्षांनीं निघालें. ग्रँट डफचा इतिहास आपल्याकडे वेदवाक्य मानला जातो. परंतु त्याचा जन्म १७८९ चा, लढाईच्या वेळीं तो चौदा वर्षांचा मुलगा होता व हिंदुस्थानांत आलाही नव्हता. कॉम्प्टनचा युरोपियन साहसी पुरुषांवरील ग्रंथ १८९२ चा. पोलमनच्या चरित्राची जी चौकट आज सर्वत्र उतरून घेतली जाते, ती बहुतांशीं या शेवटच्या ग्रंथाची आहे. म्हणजे लढाईनंतर नव्वद वर्षांनीं जुळवलेली माहिती पहिल्या प्रतीची साक्ष म्हणून वावरत आहे.

ही चौकट अशी. पोलमन प्रथम कंपनीच्या पगारांतील पलटणींत सार्जंट होता. हानोव्हरच्या दोन पलटणी १७८२ च्या सुमारास मद्रासकडे आणल्या होत्या व त्या १७८३ सालीं कडलूरच्या वेढ्यांत लढल्या, हें प्रसिद्ध आहे. ती नोकरी सोडून तो महादजी शिंदे यांच्या द बॉयन यानें उभारलेल्या कंपूंत शिरला आणि चढत चढत कर्नल झाला. १८०० सालीं मालपुऱ्यास लखबा दादानें जयपूरकरांचा पराभव केला, त्या लढाईंत त्याचा कंपू होता. जेम्स स्किनर याच्या आठवणींत ती हकीकत येते. पुढें पेरॉनच्या हाताखालील हा कंपू दौलतरावांबरोबर दक्षिणेंत आला आणि असईस लढला. युद्ध संपल्यावर पोलमन पुन्हां कंपनीच्या पदरीं लागला. तो हत्तीवरून फिरे आणि जांभळे पोशाख केलेले मोगल स्वार रांगेनें त्याच्या मागेंपुढें चालत, असेंही एक वर्णन आहे. दुर्दैव असें कीं हा हत्ती आणि हे जांभळे झगे सर्वांच्या लक्षांत राहतात आणि मालपुरा कोणाच्याही लक्षांत राहत नाहीं. बर्नर्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानें १९९८ सालीं असईवर कादंबरी लिहिली, तींत हा हत्ती मोठ्या डौलानें चालतो. आणखी एका कादंबरींत पोलमन खोटें नांव घेऊन जहाजावर प्रवास करतो. कादंबरीस आमची हरकत नाहीं. पण तीवरून इतिहास शिकणारे लोक आतां आपल्याकडेही झाले आहेत, म्हणून हें लिहावें लागलें.

आतां रणांगणाकडे वळूं. दक्षिणेस केळना नदी; तीस लोक खेळणाही म्हणतात. उत्तरेस जुई. दोहोंच्या मध्यें संगमाकडे निमुळती होत गेलेली जमीन, आणि जुईच्या कांठीं असई. इंग्रजी पुस्तकांत केळनेचें नांव बहुधा ‘कैटना’ असें येतें. रोमन लिपींतील ‘ल’ चा उभा दांडा आडवा छेदला कीं ‘ट’ होतो. कोणा लेखकाच्या वा छापणाऱ्याच्या हातची ही चूक दोनशें वर्षें अव्याहत चालत आली आहे. मोडी वाचणाऱ्यांस असल्या अपघातांचें नवल वाटणार नाहीं. मात्र ज्या ग्रंथकारानें नदीचें नांव स्थळावर जाऊन विचारलें नाहीं, त्यानें सेनापतीचें मन कसें जाणलें, एवढें विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे.

वेलस्ली व स्टीव्हन्सन २१ सप्टेंबरला बदनापुरास भेटले व दोन वाटांनीं निघाले. दोघांनीं २४ ला मिळून हल्ला करावा असें ठरलें. २३ ला वेलस्ली नळणीपाशीं आला असतां शत्रु अगदीं जवळ असल्याचें त्यास कळलें, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहतां तो निघाला. उतार नाहीं असें वाटाड्ये सांगत होते. पण नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर पिंपळगांव आणि वरूड हीं गांवें दिसलीं, त्यावरून मध्यें उतार असलाच पाहिजे असें त्यानें ताडलें. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास धूम आणि अग्नि शिकवून शिकवून आम्ही थकलों. पुढच्या जन्मीं ही दोन गांवें शिकवूं.

इंग्रज फौज नदी उतरून दुआबाच्या टोंकांत शिरली तेव्हां शिंद्यांचें पायदळ दक्षिणेकडे तोंड करून उभें होतें. शत्रु डाव्या बगलेवर आला असें दिसतांच त्या सबंध रांगेनें तोंड फिरवलें. उजवी बाजू केळनेवर, डावी असईवर, आणि तोफा पुढें, अशी नवी रांग पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. मराठी पायदळास हें साधणार नाहीं असें वेलस्लीनें धरलें होतें, आणि तें साधलेलें पाहून तो चकित झाला. सर्व ग्रंथकार येथें पोलमनच्या नांवानें थांबतात. त्यानें हुकूम दिला असेल, तो त्याचा अधिकारच होता. परंतु शत्रूच्या देखत हजारों शिपायांची रांग काटकोनांत फिरवणें हें हुकुमाचें काम नसून कवायतीचें आहे. या फौजेचा पाया द बॉयननें १७८४ नंतर घातला. तिला सुमारें अठरा वर्षांचें शिक्षण मिळालेलें होतें. पलटणींतील नाईक, हवालदार, सुभेदार यांच्या अंगांत तें मुरलेलें नसतें तर हानोव्हरच्या दहा कर्नलांनींही ती रांग फिरली नसती. वृत्तांतांतील पहिला दोष हा, कीं ते सामुदायिक कौशल्य एका गोऱ्या माणसाच्या खातीं जमा करतात.

फौजेची मोजणीही पाहावी. कवायती पायदळ सुमारें साडेदहा-अकरा हजार, तीन कंपूंचें. सर्वांत मोठा पोलमनचा, आठ पलटणींचा. दुसरा द्युपाँ याचा. तिसरा बेगम समरूचा, सालर या अधिकाऱ्याच्या हाताखालील. तोफा शंभरावर. बाकीचे हजारों स्वार केवळ संख्येचे धनी ठरले. समोर वेलस्लीचें लढाऊ सैन्य सुमारें साडेचार हजारांचें. म्हैसूरचे व पेशव्यांच्या बाजूचे स्वार निराळे, पण ते नदीपलीकडे राहिले. शिंदे आणि रघूजी भोंसले हे दोघे धनी लढाई रंगात येण्यापूर्वींच घोडदळासह निघून गेले. आमच्या लेखकांपैकीं जे पोलमनास फितूर म्हणतात, ते या ठिकाणीं घाईनें पुढें जातात. पगार घेणारा जागेवर आणि पगार देणारा वाटेवर, ही त्या दिवशींची स्थिति होती. तिला फितुरी म्हणावयाचें तर ती कोणाची ?

मग त्या पायदळानें काय केलें ? इंग्रजांकडील मेलेले, जखमी व हरवलेले मिळून १,५८४ हा आंकडा त्यांच्याच हिशेबाचा आहे. पिकेटचा अधिकारी चुकून असईच्या रोखानें गेला, त्याच्या पाठोपाठ ७४ वी स्कॉटिश पलटण तोफांच्या तोंडीं सांपडली आणि तिचे पांचशांपैकीं जवळजवळ चारशें लोक पडले किंवा घायाळ झाले. दक्षिण बाजूस ७८ वी पलटण तोफांवर आली, तेव्हां गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहींत. संगिनींनीं मारले जाईपर्यंत ते तेथेंच होते. कांहीं मेल्याचें सोंग घेऊन तोफांखालीं पडून राहिले आणि इंग्रज रांग पुढें निघून जातांच उठून त्यांनीं त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. त्यांचें निवारण करण्यास वेलस्लीस स्वतः मागें फिरावें लागलें. शेवटीं जुईच्या कांठावर कर्नल मॅक्सवेल घोडदळासह चालून गेला तो तेथें ठार झाला. तोफा ९८ हातीं लागल्या, आणि त्यांचें ओतकाम पाहून खुद्द जेत्यानें नांवाजणी केली. हें सर्व वर्णन शत्रूचें आहे. शत्रूनें केलेली स्तुति म्हणून ती निर्विवाद मानावी असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. स्टीव्हन्सनची वाट कां पाहिली नाहीं, असा रोखठोक प्रश्न टॉमस मन्रो यानें ऑक्टोबरांत विचारला होता, व १ नोव्हेंबरच्या पत्रांत वेलस्लीस त्याचें सविस्तर उत्तर द्यावें लागलें. इतके लोक कां पडले याचा जबाब देणाऱ्यास शत्रु बळकट दाखवणें सोयीचें असतें. परंतु मेलेल्यांची यादी व तोफांची यादी या सोयीच्या गोष्टी नव्हेत, आणि तोफांवरच मारल्या गेलेल्या गोलंदाजांची हकीकत एकाहून अधिक साक्षीदारांची आहे. एवढा भाग टिकतो.

आतां फितुरीचा आरोप. तो मुळांत आकाशांतून पडलेला नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत १८०३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत जें घडलें त्यास फितुरी हा शब्द कांहीं अंशीं लागू पडतो. गव्हर्नर जनरलनें ऑगस्टांत जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरींतील इंग्रज प्रजाजनांस व इतर युरोपियनांस नोकरी सोडून येण्याचें आमिष दाखवलें. अलीगडचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला, त्या वेळीं ल्यूकन नांवाचा, कालपर्यंत पेरॉनचें मीठ खाल्लेला अधिकारी हल्ला करणाऱ्या तुकडीस वाट दाखवीत होता. पेरॉन त्यानंतर थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या स्वाधीन झाला. रँडॉल्फ कूपर यानें २००३ सालच्या आपल्या ग्रंथांत या लष्करी नोकरीच्या बाजाराचें आणि कंपनीनें अधिकारी पैशानें फोडण्याचें जें विवेचन केलें आहे, तें फार मोलाचें आहे. मराठ्यांची युद्धकला मागासलेली होती हा जुना समज त्यानें चांगलाच हलवला. परंतु आमच्याकडील लोक अलीगडचा पुरावा उचलून असईस जोडतात. अलीगडास किल्ल्याची वाट दाखवणारा होता. असईस तोफा भरल्या व डागल्या जात होत्या. दोन्हीं ठिकाणीं ‘गोरे अधिकारी’ एवढा एकच हेतु समान आहे, आणि तेवढ्यावरून समान साध्य काढणें हा सव्यभिचार हेत्वाभास होय.

राहिला पुढील नोकरीचा मुद्दा. पोलमन नंतर कंपनीकडे गेला, अर्थात् तो आधींपासूनच त्यांचा होता, असें म्हणतात. नंतरच्या कृतीवरून आधींचा हेतु सिद्ध करावयाचा तर १८०३ नंतर कंपनीच्या पगारांत गेलेला शिंद्यांकडील प्रत्येक शिपाई फितूर ठरेल. स्वतः स्किनर तर ठरेलच. धनी हरला, ३० डिसेंबर १८०३ रोजीं सुर्जी-अंजनगांवचा तह झाला, इंग्रजांशीं वैर असलेल्या राष्ट्रांचे गोरे नोकरींत ठेवावयाचे नाहींत असें शिंद्यांनीं त्यांत कबूल केलें, कंपू मोडले. मग परदेशी शिपायानें जावें कोठें ?

शिवाय आणखी एक गोष्ट या वादांत कोणी विचारांत घेतलेली आम्हीं पाहिली नाहीं. हानोव्हरचा अधिपति त्या वेळीं तिसरा जॉर्ज, म्हणजे इंग्लंडचाच राजा होता. पोलमन जन्मानें त्याचा प्रजाजन, पण इंग्लंडचा प्रजाजन नव्हे. दोन राज्यें निराळीं, राजा एक. त्यांतही १८०३ च्या जून-जुलैंत फ्रेंचांनीं हानोव्हर व्यापलें आणि तेथील सैन्य मोडलें. म्हणजे असईच्या दिवशीं या मनुष्याचा जन्मदेश फ्रेंचांच्या ताब्यांत, त्या देशाचा राजा इंग्रजांचा, भाकरी शिंद्यांची, आणि समोरील निशाण त्याच राजाचें. त्याच्या जाग्यावर जाहीरनाम्याचा फायदा घेणें अतिशय सोपें होतें व त्यास निमित्तही तयार होतें. तरीही तो २३ सप्टेंबरला तोफांमागें उभा होता. यास स्वामिनिष्ठा म्हणा, धंद्याची लाज म्हणा, किंवा थकलेला पगार बुडेल ही भीति म्हणा. फितुरी म्हणतां येत नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं या विषयांत अधिक समंजसपणा दाखवला आहे. कौटिल्यानें सैन्याचे मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि आटविक असे सहा वर्ग केले. मौल श्रेष्ठ, कारण धन्याच्या उत्कर्षापकर्षांत त्याचा वांटा असतो. परंतु भृताचा त्यानें धिक्कार केला नाहीं. तें जवळ असतें, लौकर उठतें, ऐकतें, म्हणून श्रेणीहून बरें असें स्पष्ट सांगितलें. भारतांत तर युद्धारंभीं भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य या चौघांनीं धर्मराजास आपण अर्थानें बांधलों आहों असें सांगितलें, आणि त्यांस कोणी फितूर म्हटलें नाहीं. शिंद्यांच्या कंपूंतील शिपाई बहुतेक अयोध्या, रोहिलखंड व दुआब या प्रांतांचे, म्हणजे मौल नव्हेत, भृतच. असईस मौल वर्गाचे स्वार निघून गेले आणि भृत मेले. कौटिल्याच्या क्रमवारीची ही उलटापालट आम्हांस त्या लढाईंतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते, आणि पोलमनच्या हत्तीमागें ती झांकून गेली आहे. ‘फितुरीनें हरलों’ असें म्हटलें कीं त्या गोलंदाजांचें मरणही रद्दबातल होतें. त्यांचीं नांवें इंग्रजांनीं लिहून ठेवलीं नाहींत यांत आश्चर्य नाहीं. आपणही विचारलीं नाहींत.

पोलमन थोर सेनापति होता असें प्रतिपादन करण्याचा आमचा हेतु नाहीं. उताराकडे त्यानें पुरेसा पहारा ठेवला नाहीं, ही चूक उघड आहे. डावी बाजू असईवर इतकी भक्कम असतां उजवी केळनेकडे तशी कां नव्हती, हाही आक्षेप घेतां येतो. त्याचे दोष लढाईंतील दोष म्हणून मोजावे.

शेवटीं संग्राहकांस विनंति. सिल्लोड, भोकरदन, कन्नड आणि अजिंठा या बाजूच्या जुन्या वाड्यांतून रुमाल अद्याप निघतात. रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं ते एकदां सोडून पाहावे. फौज याच मुलखांतून गेली, लढाईनंतर इंग्रजांचे जखमी अजिंठ्यास ठेवले होते, आणि दाणा, वैरण, बैल यांच्या मागण्या गांवोगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांकडे येत. शके १७२५, हिजरी १२१८, फसली १२१३ किंवा सुहूर सन अर्बा मयातैन व अलफ असा काल दिसला, आणि ‘कंपू’, ‘गोलंदाज’ अथवा ‘पलटण’ हा शब्द आढळला, तर कागद किरकोळ जमाखर्चाचा दिसला तरी बाजूला ठेवावा. पोलमनचें नांव त्यांत पोलमान, पालमन किंवा फोलमन अशा कोणत्याही रूपानें येण्याचा संभव आहे. तें न येतां एखाद्या गोलंदाजाचें नांव आलें, तर आम्हांस अधिक आनंद होईल. नक्कल पाठवल्यास वाचून देण्याचें काम आम्ही पिशोरास बसून करूं.